पाटीवरून मी गाळलेलं वाक्य

मक्याची कापणी सुरू झाली, की आमच्या घरात सगळ्यावर पिवळट भुसा बसतो. खिडक्या बंद असल्या तरी बसतो. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा बोटाला लागतं. समोरच्या शेतात दुमजली घराएवढं कापणीचं यंत्र फिरत असतं, त्याच्यामागे धूळ चालत असते, आणि दाणे सुकवण्याच्या कोठारांची घरघर दिवसभर कानात राहते. आजोबा म्हणतात, "नोव्हेंबरात एकदाच पूस." पण तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. मी पुसते. पुसता पुसता या वर्षी एक जुना ऑक्टोबर हाताला लागला, आणि तो काही पुसला जात नाही. म्हणून तुम्हा दोघांना लिहायला बसले.

मराठीत लिहितेय. ईशान, तुला वाचायला वेळ लागेल. बाबाकडून वाचून घे. यातलं बरंचसं बाबालाही माहीत नाही, कारण जे सांगायचं आहे त्यात तो चार महिन्यांचा आहे. इंग्रजीत हे मला सहज लिहिता आलं असतं, आणि तीच भीती वाटते. इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते.

जुलैमध्ये तुम्ही फ्रिस्कोहून आला होता, तेव्हा आपण नदीच्या रस्त्याने फिरायला गेलो होतो. पुलाच्या अलीकडे ती ओतीव लोखंडाची हिरवी पाटी आहे, सोनेरी अक्षरांची. आमच्या गावात अशा सात पाट्या आहेत. पहिली गिरणी, पहिली शाळा, पहिलं चर्च. सगळं पहिलं. पुलाजवळची पाटी हार्लन कुटुंबाची. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्याच्या तोंडावर बैलगाडीतून आलेलं हे कुटुंब, गावातले पहिले वसाहतकरी. मी तुम्हाला ऐटीत सांगितलं, "या पाटीवरचा मजकूर तुमच्या आजीने लिहिलाय." तन्वीने तो मोठ्याने वाचला. इथे मराठीत सांगते: "मदतीला कोणी नसताना, केवळ जिद्द आणि चिकाटीच्या बळावर त्यांनी तो पहिला हिवाळा पार पाडला."

तन्वीने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, बट दे केम इन नोव्हेंबर. देअर वॉज नो फूड. सो व्हॉट डिड दे ईट?"

मी म्हटलं, "जिद्द होती ना त्यांच्याकडे."

"यू कान्ट ईट जिद्द, आजी."

ईशान इतका हसला की त्याच्या हातातलं आइस्क्रीम पडलं. मीही हसले. मग आपण घरी आलो, मी थालीपिठं लावली, तुम्ही दोघांनी ती केचपबरोबर खाल्लीत. मी मात्र एकही खाल्लं नाही. कारण त्यांनी काय खाल्लं हे मला माहीत होतं. ते मला वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलं होतं. आणि मी ते गाळलं होतं.

लिहून देणारी लोईस. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आमच्या समोरच्या शेतावर ती आणि तिचा नवरा डेल राहत. आता डेल गेला, शेत दुसरा कोणी करतो आणि लोईस एक्क्याण्णव वर्षांची होऊन गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आहे. हार्लन घराण्याची ती पणतीची पणती की काय ती.

त्या वर्षी गावाने रस्त्याकडेला इतिहासाच्या पाट्या लावायचं ठरवलं आणि पाच जणांची समिती नेमली. समितीचे प्रमुख वॉल्टर, बँकेतून निवृत्त झालेले, नेहमी टाय लावणारे. ते एका दुपारी आमच्या दारात आले आणि म्हणाले, "डॉक्टरांकडून कळलं, तुम्ही इंग्रजीच्या एम.ए. आहात. आमच्या सगळ्यांपेक्षा तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

पंचवीसेक वर्षं मी या गावात होते. डॉक्टरांची बायको म्हणून, 'तुमच्या भाज्यांत ते पिवळं काय असतं' म्हणून, वाचनालयातली मदतनीस म्हणून. पुण्यात दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, पण ते इथे कुणाच्या गावी नव्हतं. मला गावाच्या कामासाठी बोलवायला कोणीतरी पहिल्यांदाच दार वाजवत होतं. वॉल्टर गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून केस सारखे केले, हे आजोबांनी पाहिलं. "समितीची आजच बैठक आहे का?" त्यांनी विचारलं.

तो ऑक्टोबर मला आजही वासासकट आठवतो. सुकलेल्या मक्याच्या ताटांचा गोडसर वास. अंगणातल्या अक्रोडाच्या हिरव्या फळांनी काळी झालेली माझी बोटं. रोज संध्याकाळी बदकांचे थवे दक्षिणेकडे जात, आणि मी जेवणाच्या टेबलावर गावातल्या लोकांनी लिहून दिलेले कागद पसरून बसे. हातात लाल पेन्सिल. कॉलेजात असताना मी पेपर तपासायची ना, तशीच. डावीकडे समास, समासात खुणा. प्रत्येक पाटीवर नव्वदच शब्द बसणार होते. नव्वद शब्दांत एखादं घराणं बसवायचं, याची मला झिंग चढली होती.

लोईसचे दोन कागद वहीतून फाडलेले होते, निळ्या शाईने दोन्ही बाजूंनी लिहिलेले. तिची आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची, ते तिने लिहिलं होतं. मधेच बैलाचं नाव होतं. मधेच एका मुलाला झालेला गोवर. आणि खाली हे: "नदीच्या वळणावरच्या लोकांनी त्यांना जगवलं. त्यांच्या बायका दर काही दिवसांनी यायच्या आणि मका, सुकवलेला भोपळा, कधी मासे, दाराशी ठेवून जायच्या. नाहीतर आम्ही कोणीच आज नसतो."

नदीच्या वळणावरचे लोक म्हणजे पोटावाटोमी, इथले मूळ रहिवासी. ही जमीन त्यांचीच होती. पुढे काही वर्षांनी त्यांना सरकारने इथून हाकलून लावलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचनालयात काम करणाऱ्या बाईला एवढं माहीत असतंच. तरीही मी लाल पेन्सिलीने त्या वाक्याला कंस घातला आणि समासात लिहिलं: "कोणते लोक? मोघम. पुरावा?"

हे मी का केलं, याची बरीच चांगली कारणं तेव्हा माझ्याकडे होती. शब्द नव्वदच होते. ऐकीव माहिती होती. पण मुलांनो, खरं कारण सांगते. वाक्य वाचल्यावर मला हार्लन कुटुंब जरा लहान वाटायला लागलं. दुसऱ्यांनी दाराशी ठेवलेलं खाऊन जगलेली माणसं पाटीवर कशी शोभतील? मला ती एकट्याने उभी राहिलेली हवी होती, कारण मला स्वतःला तसं दिसायचं होतं.

बैठक गावच्या वाचनालयात, लहान मुलांच्या खोलीत व्हायची. आम्ही सगळे बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसायचो. मी माझा मजकूर वाचला. 'जिद्द आणि चिकाटी' आल्यावर वॉल्टरनी मान डोलावली. लोईस त्या समितीत नव्हती, पण तिच्या घराण्याची पाटी म्हणून तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, "शुभा, छान झालंय. ते मका आणून देणाऱ्यांचं राहिलं."

"लोईस, त्याला कागद नाही," मी म्हटलं.

"माझी आजी कागद नव्हती ना. बाई होती."

सगळे हसले. आणि तेव्हा मी, कॉलेजात मागच्या बाकावरच्या मुलींशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

पुन्हा सगळे हसले, या वेळी माझ्या बाजूने. वॉल्टर म्हणाले, "डॉक्टरांच्या मिसेसनी समितीला शिस्त लावली बरं का!" आणि त्यांनी तिथल्या तिथे मला एक नियमच लिहायला सांगितला: निव्वळ कौटुंबिक आठवणीच्या आधारावर कोणतंही विधान पाटीवर येणार नाही. मी तो लिहिला. खाली सही केली. लोईसने टेबलावरचे तिचे दोन कागद उचलले, माझ्या लाल खुणांकडे जरा वेळ पाहिलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवले. "येते मी. गाईंची वेळ झाली," म्हणाली. त्यांच्या गाई विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

घरी येऊन मी आजोबांना सगळं रंगवून सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "म्हणजे तू लोईसला नापास केलंस."

"नियम म्हणजे नियम."

"हो ना," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मी लहान होते तेव्हा तिकडे भारतात, आमच्या गावच्या नदीवर दगडी पूल होता. त्याच्या कठड्यात संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर एका इंग्रज साहेबाचं नाव होतं: याने हा पूल बांधला. शाळेत जाता-येता मी ती वाचायची. इंग्रजी वाचायला मी त्या पाटीवरच शिकले म्हटलं तरी चालेल. माझे वडील तिच्याकडे बघून दर वेळी म्हणायचे, "साहेबाने बांधला म्हणे! साहेबाने एक तरी दगड उचलला का? वडारांनी बांधला. बायका पोटुशी असताना दगड वाहत होत्या." मला पाठ होतं हे. दुसऱ्याची पाटी कोण लिहितो आणि ती कशी लिहितो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. ते सगळं माहीत असून, सात समुद्र ओलांडून येऊन, मी अगदी तशीच पाटी लिहिली. तीही नेमक्या, निर्दोष इंग्रजीत.

आता तो पहिला हिवाळा. म्हणजे आमचा.

ईशान, गेल्या वर्षी शाळेत तुला 'माझ्या घराण्याची गोष्ट' असा प्रोजेक्ट होता. तू फोन केलास आणि मी सांगितलं: आम्ही दोघं दोन बॅगा घेऊन आलो, कोणाला ओळखत नव्हतो, तान्हा बाबा होता, भयंकर बर्फ पडला, आणि आम्ही एकट्याने सगळं निभावलं. तू पोस्टरवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलंस आणि तुला शाबासकी मिळाली. आमच्या पिढीतली माणसं ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ट्रॉय शहरात महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत ज्येष्ठांचा सत्कार झाला तेव्हा मीही माईकवरून हेच सांगितलं, टाळ्याही पडल्या. दर वेळी सांगताना गोष्ट जरा जास्त नेटकी होत गेली.

खरं असं झालं. आजोबांचं हॉस्पिटल तीस मैलांवर. आम्ही भाड्याने घेतलेलं घर शेतांच्या मधोमध. मी अठ्ठावीस वर्षांची, मला गाडी चालवता येत नव्हती. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरून एक उंच बाई आली, पुरुषांचे रबरी बूट घातलेली, हातात फॉइल लावलेलं काचेचं भांडं. "मी लोईस. बाळ केवढं आहे?" भांड्यात नूडल्स आणि गोमांस होतं. आपल्या घरात कोणी मांसच खात नसे. गोमांस तर मी आयुष्यात पाहिलेलंही नव्हतं. मी दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि म्हटलं, "हाउ व्हेरी काइंड."

'आम्ही हे खात नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण दारात कोणी प्रेमाने आणलेलं नाकारायचं कसं, ही आपली भीड. मी ते कचऱ्यातही टाकू शकत नव्हते, कारण आठवड्याचा आमचा कचरा डेल स्वतःच्या ट्रकमधून नेऊन टाकेल, असं लोईस जाताना सांगून गेली होती. त्याला दिसलं असतं. मग मी मागच्या दाराने गेले आणि पायऱ्यांच्या बाजूला बर्फात खड्डा करून ते सगळं पुरलं. वर बर्फ सारखा केला. कापसासारखा पांढराशुभ्र, सपाट. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तर आईने शिकवलेलं. म्हणून स्वच्छ घासलेल्या त्या भांड्यात रव्याचे लाडू घालून पाठवले. लोईसला वाटलं असणार, बाईला पदार्थ फार आवडला. दहा दिवसांनी ती पुन्हा घेऊन आली. मी पुन्हा पुरला. पुन्हा लाडू.

जानेवारीत वादळ आलं. आजोबा हॉस्पिटलात अडकले. वीज गेली, फोन गेला. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा आवाज. बाबाला मी माझ्या तीन साड्यांत आणि शालीत गुंडाळला होता, आणि तो रडायचा थांबला होता, त्याची मला जास्त भीती वाटत होती. दुपारी दार वाजलं. डेल आणि लोईस, कमरेला दोर बांधून, शेत ओलांडून आले होते. लोईसने बाबाला माझ्या हातातून काढून स्वतःच्या कोटाच्या आत घातलं. चार दिवस आम्ही त्यांच्या लाकडाच्या शेगडीजवळ राहिलो. तिच्या हातचा पाव, उकडलेले बटाटे, बरण्यांतला मका, सफरचंदाचा मुरांबा, बाबाला त्यांच्या गाईचं गरम दूध. ताटात मांस आलं की मी म्हणायची, "पोट भरलंय." ती म्हणायची, "चिमणीएवढं खातेस." चौथ्या दिवशी डेलने ट्रॅक्टरने रस्ता मोकळा केला आणि आजोबा घरी आले. पुढे सगळा हिवाळा पहाटे त्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा. डेल आमचा रस्ता साफ करत असायचा, आजोबांची गाडी बाहेर पडावी म्हणून.

आणि मग मार्च आला. बर्फ म्हणजे माती, असं मी समजून चालले होते. तो सगळं झाकून ठेवतो पण काही कुजवत नाही, आणि एक दिवस सगळं जसंच्या तसं परत देतो, हे पुण्याहून आलेल्या मुलीला कोण सांगणार? लोईस आमच्या मागच्या दाराशी अंडी घेऊन आली आणि थबकली. पायऱ्यांच्या बाजूला ओळीने पाच ढीग होते. नूडल्स, मांसाचे तुकडे, वाटाणे. वाटाणे अजून हिरवे होते.

मी दारात उभी.

लोईसने बुटाच्या टोकाने एक ढीग जरासा हलवला. "कोल्हासुद्धा शिवला नाही म्हणजे माझा स्वयंपाक खरंच वाईट असणार."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग तोंड उघडायचं होतंस की, पोरी."

तिने डेलचं फावडं आणलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते सगळं त्यांच्या कुत्र्यासाठी भरून नेलं. दुसऱ्या दिवशी चीज घातलेले बटाटे आले. पुढची कित्येक वर्षं तेच यायचे. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. चर्चमध्ये नाही, शेजारी नाही. मीही नाही सांगितली, अर्थात निराळ्या कारणाने.

या बाईचं वाक्य मी लाल पेन्सिलीने गाळलं.

सप्टेंबरात समितीचं पत्र आलं: पुलाजवळच्या पाटीचा खांब गंजलाय, पाटी नव्याने ओतायची आहे, मजकुरात काही दुरुस्ती असेल तर ऑक्टोबरअखेर कळवावी. तन्वीचा प्रश्न माझ्या कानात होताच. मी बैठकीला गेले. आता समितीची प्रमुख म्हणजे केली नावाची बाई, शाळेत शिकवते, चाळिशीची, हसरी. मी उभं राहून सांगितलं की मी एक वाक्य गाळलं होतं, ते परत घालायचं आहे. केलीने मनापासून ऐकलं. मग कपाटातून जुनी फाइल काढली, पान उलटलं आणि अवघडून म्हणाली, "पण इथे नियम आहे. कौटुंबिक आठवणीवरून काही घ्यायचं नाही. खाली सही... तुमचीच आहे."

माझीच होती. ठसठशीत, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. केलीनेच मग वाट काढली: लोईसने स्वतः साक्षीदारासमोर लेखी निवेदन दिलं, तर तो कागद होईल आणि समिती विचार करेल. पण महिनाअखेरच्या आत. आणि, ती हळूच म्हणाली, लोईस एक्क्याण्णव वर्षांची आहे.

मला लोईसकडे जावं लागणार होतं. डेलच्या अंत्यविधीनंतर चार वर्षांत मी तिच्याकडे गेले नव्हते. वृद्धाश्रम आमच्या घरापासून गाडीने बारा मिनिटांवर आहे.

ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर पांघरूण. खूप लहान झाली होती. मला बघून म्हणाली, "अरे वा, समिती आली." माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं. "पेन्सिल लाल नाहीये ना?"

मी बसले. कोट काढायचंही सुचलं नाही. पाटी, नियम, ते वाक्य, माझी चूक, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मी कधीच सोडून दिलं, शुभा. पाटी काय, गाड्यांच्या धुरात उभी असते. कोण वाचतं?"

"मग तू इतकी वर्षं माझ्यावर नाराज होतीस ती..."

"तुझा डॉक्टर रिटायर झाला तेव्हा पेपरात आलं होतं ना. तू सांगितलेलं. 'कोणीही ओळखीचं नसताना या तरुण जोडप्याने पहिला हिवाळा स्वतःच्या हिमतीवर काढला.' मी डेलला वाचून दाखवलं." तिने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "डेल म्हणाला, 'मग सगळा हिवाळा मी बर्फ कुणाच्या दारातला काढत होतो?'"

ती हसली. मला हसता आलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिचं एक वाक्य गाळलं. मी तिलाच गाळलं होतं, डेललाही, त्यांची शेगडी, गाय, कमरेचा दोर, सगळंच. आणि डेलला हे सांगून माफी मागायची वेळ निघून गेली होती. त्याच्या अंत्यविधीला मी काळी साडी नेसून, फुलं घेऊन, पहिल्या रांगेत बसले होते.

"सही करशील?" मी विचारलं.

"तू लिही. माझे हात थरथरतात. मी सांगते तसं लिही, शोभिवंत करू नकोस."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मका, सुकवलेला भोपळा, मासे. वळणावरच्या बायका. त्या कधी दार वाजवायच्या नाहीत, ठेवून जायच्या. मी पेन थांबवून विचारलं, "त्यांची नावं काही कळली का कधी?" कशीही असली तरी मी अजून शिस्तीचीच.

लोईसने खिडकीबाहेर पाहिलं. "मीही आजीला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, कोणी विचारलीच नाहीत. सगळा हिवाळा त्यांच्या हातचं खाल्लं, आणि नाव विचारलं नाही. ते लिही. पाटीवर शेवटी तेच लिही."

मी लिहिलं.

काल केलीचा ईमेल आला. आधी 'कौटुंबिक आठवणीनुसार' असं जोडून दोन्ही वाक्यं घेतली आहेत. वळणावरच्या बायकांचं आणि नावं न विचारल्याचं. जिद्द आणि चिकाटी काढावी लागली, नव्वद शब्दांत बसेना. बर्फ गेला की पाटी बसवतील. तोपर्यंत लोईस असेल की नाही, ते कोण सांगणार. मी आता दर गुरुवारी जाते. आम्ही फार बोलत नाही. आजोबाही येतात, ते तिथल्या म्हाताऱ्यांशी बेसबॉलवरून वाद घालतात.

पण त्या दिवशीचं एक मी आजोबांनाही सांगितलेलं नाही. निवेदनाच्या शेवटी एक छापील फॉर्म होता. लोईसने तिथे थरथरत सही केली, मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. खाली साक्षीदाराचं नाव. मी लिहिलं. पत्ता. लिहिला. त्याच्याखाली एक लहानसा चौकोन: निवेदन देणाऱ्या व्यक्तीशी साक्षीदाराचं नातं. मी आयुष्यभर फॉर्म भरत आले आहे. व्हिसाचे, ग्रीन कार्डचे, तुमच्या बाबाच्या शाळेचे. मी सवयीने 'शेजारी' लिहिलं. ते खरंच होतं, चौकोनात नीट बसतही होतं.

मग मी त्यावर काट मारली. चौकोनात जागा नव्हती, म्हणून कडेच्या कोऱ्या जागेत, कागद आडवा करून लिहिलं: "इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात हिने मला आणि माझ्या मुलाला खाऊ घालून जगवलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही."

लोईसने चष्मा मागितला. कागद आडवा धरून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचला. तिला बराच वेळ लागला.

"डेलचं राहिलं," ती म्हणाली.

मी कागद परत घेतला आणि लिहायला लागले.